पुराचा माल

वरची वाडी, उमरठ
६ ऑक्टोबर २०२५

नौशीनबाई,

बाई लावलंय, त्यावरून काय ते ओळख. एरवी तू माझी नौशी आणि कॉलेजात माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता संपवणारी. आज ते सगळं बाजूला. आज मी गिऱ्हाईक आणि तू दुकानदार.

तू जुळवून दिलेलं मशीन आंधळं झालंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. मॅकचं सफरचंद उगवलं, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि पडदा काळा. आत पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण मॉनिटर म्हणतो सिग्नलच नाही. पुन्हा चालू केलं तर गुलाबी-हिरव्या उभ्या रेघा, लुगड्याच्या काठासारख्या. मग परत काळं. चित्र उमटवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, हे तूच मला शिकवलंस. म्हणजे दुखणं तिथेच आहे, एवढं मलाही कळतं.

माझी अडचण तुला माहीत आहे, तरी लिहिते. दादरच्या स्टुडिओची दोन लग्नं माझ्याकडे एडिटिंगला आहेत, ती तुळशीच्या लग्नाआधी द्यायचीत. नाही दिली तर नव्या हंगामाचं काम ते दुसऱ्या कुणाला देतील. काम गेलं की मला इथे राहायला निमित्त उरत नाही. राहुल आणि मंगेशभावजी, दोघे भाऊ मुंबईजवळ दिव्याला एका खोलीत राहतात, दोघांनाही खानावळीचा वीट आलाय. भावजी तर माझी वाटच बघतायत. मी तिथे गेले की माझं एडिटिंग म्हणजे सकाळचे दोन डबे आणि संध्याकाळची भाजी. मला जायचं नाही गं. सासूबाई आणि मी इथे छान आहोत.

भावजी दसऱ्याला आले होते. जाता जाता म्हणाले, “वयनी, एकवीस सालच्या पुरानंतर महाडात काय काय धुऊन-पुसून इकलं गेलंय म्हायती हाय का? त्या कार्डाचं बिल हाय का तुज्याकडं?” बिल नाही. तुझ्या भावाने, शहबाजने शारजाहून बॅगेत घालून आणलेल्या वस्तूचं बिल कुठलं असणार? भावजी म्हणाले, “मंग सगळं लिहून घे. फोनवर बोललेलं उद्या नाय म्हनतील.”

म्हणून हा कागद. चांगूची मिनीडोर रिक्षा रोज महाडला येते, उत्तर त्याच्याकडे दे. कागदावर हवं, सहीसकट. सरळ विचारते, राग मानू नकोस: ते कार्ड पुराचा माल आहे का?

श्रुतिका

---

महाड
८ ऑक्टोबर

गिऱ्हाईक श्रुतिका यांस,

दुकानदाराचा सलाम. राग मानू नकोस असं लिहून तू जे विचारलंस, त्यावर राग मानायचा नाही तर काय मिठाई वाटायची? पण तू लेखी मागितलंस म्हणून लेखी देते. कार्ड पुराचा माल नाही. पुरात आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. अब्बांनी भिजलेली एकूण एक वस्तू रस्त्यावर आणून टाकली आणि नगरपालिकेचा डंपर येईपर्यंत तिथे उभे राहिले, कुणी उचलून नेऊन विकू नये म्हणून. हे सगळ्या पेठेने पाहिलंय. तुझं कार्ड त्यानंतर दोन वर्षांनी शहबाजभाईने आणलं, खोक्याचं प्लास्टिक तुझ्यासमोर फाडलं.

आता मशीनकडे वळू. मी तेव्हाच म्हटलं होतं, हॅकिंटॉश म्हणजे नाटक असतं. मॅकची सिस्टिम आपण साध्या जुळवलेल्या पेटीत बसवतो आणि तिला सांगतो, बाई, तू तुझ्याच घरात आहेस. तिला जरा संशय आला की ती पडदा पाडते. तुझ्या स्टुडिओला मॅकचीच फाईल लागते आणि खरा मॅक परवडत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर असं कर. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमधून काढ आणि वरच्या बाजूला बोर्डाचं स्वतःचं पोर्ट आहे, तिथे लाव. चित्र आलं तर बाकी मशीन ठीक आहे. मग केबल परत कार्डाला लाव आणि दुसऱ्या डिस्कवरचं विंडोज चालू कर. तिथे पडदा नीट दिसला तर कार्ड चांगलं आहे, मॅकच्या अपडेटने घोळ केलाय आणि मी सुरुवातीच्या सूचनांमध्ये एक ओळ घालून तो सोडवते. पण विंडोजमध्येही रेघा आल्या, तर अपडेटचा काही संबंध नाही. मग दोष कार्डाचा.

करून बघ आणि कळव. कागदावरच कळव, मलाही आता फाईल करावी लागेल.

सहीसकट,
नौशीन युसुफ

---

उमरठ
११ ऑक्टोबर

नौशीन,

बोर्डाच्या पोर्टवर चित्र आलं. पण काय चित्र! नवरीने मान वळवली की वळून होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो. रंगांचं काम तर उघडतच नाही. त्यावर स्टुडिओची फिल्म होणार नाही. कार्डाला केबल लावून विंडोज चालू केलं, तिथेही रेघा. त्याच गुलाबी-हिरव्या. म्हणजे तुझ्याच शब्दांत, अपडेटचा काही संबंध नाही, दोष कार्डाचा.

आणखी एक गोष्ट दिसली. पेटीच्या काचेच्या झाकणाला मागून हाताने फिरवायचे स्क्रू असतात ना, त्यातला एक नाही. बाकीचे सैल. मी ते झाकण आजवर कधी उघडलेलं नाही, तूच ताकीद दिली होतीस. गणपतीत तू आमच्याकडे आलीस तेव्हा धूळ काढते म्हणून उघडलं होतंस. मी तेव्हा स्वयंपाकघरात घावने काढत होते. आत काय केलंस ते मी बघितलं नाही.

मी काही म्हणत नाही. भावजी म्हणतात, फोनवर रोज म्हणतात, की चांगलं कार्ड काढून घेतलं आणि भिजकं बसवलं. मी त्यांना म्हटलं, नौशीन तसली नाही. तर म्हणाले, “सगळेच तसले नसतात, होईपर्यंत.” रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय. तुझ्यावर संशय घ्यायची मला लाज वाटते आणि घेतल्याशिवाय राहवतही नाही, हे खरं खरं लिहिते.

मशीन चांगूबरोबर पाठवतेय, गोधडीत गुंडाळून. तो विचारत होता, आजारी माणूस हाय का आत. लवकर बघ. स्टुडिओचा फोन आला होता, मी ताप आलाय म्हणून सांगितलं.

श्रुतिका

---

महाड
१४ ऑक्टोबर

श्रुतिका,

मशीन पोचलं. उघडलं, पाहिलं. दोष सापडला. थोडा अपडेटचा आणि थोडा दमट हवेचा. फार विचार करण्यासारखं काही नाही. कार्ड बदलून मशीन आजच चांगूबरोबर परत पाठवतेय, त्यावर तुझी दोन्ही लग्नं व्यवस्थित होतील. काम उरकून घे.

त्या स्क्रूबद्दल. गणपतीत मी सगळे घट्ट लावले होते. त्यानंतर घरात कुणी झाकण उघडलं होतं का? सहज विचारून बघ. सहजच विचार, कुणाला ओरडू नकोस.

सासूबाईंना माझा सलाम सांग. त्यांची तब्येत बरी आहे ना?

नौशीन

---

उमरठ
१८ ऑक्टोबर

नौशीन युसुफ यांस,

चांगू दोन दिवस फिरकलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीतल्या महाबळेश्वरच्या गाड्या आंबेनळी घाटाकडे वळताना पोलादपुरात अशी कोंडी करतात की त्याने घरीच बसणं पत्करलं. नाहीतर हे पत्र तुला तेव्हाच मिळालं असतं, आणि ते याहून वाईट असतं.

मशीन चालतंय. चित्र स्वच्छ आहे. पण काचेतून आत पाहिलं तर माझं कार्ड नाही. माझ्या कार्डाला तीन पंखे होते, याला दोन आहेत. कडेला ओरखडा आहे, म्हणजे वापरलेलं. तू लिहिलंस कार्ड बदललं, कुठलं बसवलं ते लिहिलं नाहीस. जुन्याचं काय केलंस तेही नाही.

आणि अपडेट? तूच कागदावर लिहून दिलंयस की विंडोजमध्येही रेघा आल्या तर अपडेटचा काही संबंध नाही. कागद माझ्यासमोर आहे. मग आता अपडेट कुठून आला? दमट हवा म्हणे! शेजारच्या सेजलचा लॅपटॉप याच हवेत पाच पावसाळे काढून ठणठणीत आहे. दमट म्हणजे भिजलेलं, असं सरळ का लिहीत नाहीस? पहिल्यांदा तू सगळं खुलासेवार लिहिलंस. मशीन हातात पडल्यावर मात्र चार ओळींत गुंडाळलंस, आणि वर माझ्याच घरात कुणी उघडलं का म्हणून विचारतेस. आमच्या घरात आहे कोण? मी आणि सासूबाई. त्यांना माऊस म्हणजे काय ते माहीत नाही.

भावजींनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. आमच्या वाडीचं मुंबईचं ग्रामस्थ मंडळ, सगळे त्यात आहेत, पोलादपूरचे दुकानदारसुद्धा. महाडात अजून पुराचा माल विकला जातो, असं लिहिलं आणि तुमच्या दुकानाच्या पाटीचा फोटो लावला. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवावंसं वाटलं, पण कशाच्या जोरावर थांबवू?

माझं जुनं कार्ड मला परत पाहिजे. जसं होतं तसं.

श्रुतिका

---

महाड
२० ऑक्टोबर

श्रुतिका,

कार्ड पाठवतेय. जसं होतं तसंच आहे, मी ते पुसलेलंसुद्धा नाही. खोकं चांगूसमोर उघडू नकोस. घरी, एकटी असताना उघड. दिव्याखाली धर आणि सोनेरी दातांची कड नीट बघ, जी बोर्डाच्या खाचेत बसते ती.

पोलादपूरच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी आमच्याकडे जुळवायला दिलेली मशीनं अर्धवट असतानाच परत नेली. अब्बांनी ती बांधून दिली. मग मला म्हणाले, यापुढे त्या बाईला काही लिहू नकोस. त्यांचं ऐकायचं ठरवलंय.

नौशीन

---

उमरठ
२३ ऑक्टोबर

नौशे,

वाचते आहेस ना? निदान वाच.

खोकं उघडलं आणि कार्ड दिव्याखाली धरलं. सोनेरी दातांवर हळदीचा लेप वाळून बसलाय. खाचेच्या कडेला कुंकू. मधल्या पंख्यात झेंडूची पाकळी आणि अक्षता. लेप जिथे जिथे आहे तिथे दात हिरवे पडलेत.

सासूबाई अंगणात नाचणी वाळवत होत्या. कार्ड तसंच हातात घेऊन गेले. म्हटलं, “आई, हे काय आहे?” त्यांनी बघितलं आणि खुशीत म्हणाल्या, “खंडेनवमीची पूजा गो! तू बाजारात गेली हुतीस, झेंडू आनायला. तू त्या पेटीवर नुसती वरनं दोन फुलं ठेवली हुतीस. मला बरं नाय वाटलं. नांगर आपन धुऊन पुजतो, कोयता धुऊन पुजतो, पाटा-वरवंटा धुतो. तुज्या पोटाचं हत्यार त्ये, त्येला आंघूळ नको? आनि तूच म्हनली हुतीस, ह्ये कार्ड म्हंजे मशिनीचं डोळं. मंग डोळ्यांना पानी लावलं, हळद-कुकू लावलं.”

मी विचारलं, “पण झाकण कसं उघडलंत तुम्ही?”

“मी कशी उघडनार? मंग्यानं खोललं. त्येनंच त्ये कार्ड भाईर काडून दिलं, पूजा झाल्याव परत बशिवलं. मंग म्हनला, आये, वयनीला सांगू नको, ती वराडल.”

ऐकलंस? मंगेशभावजींनी. दसऱ्यानंतर मशीन बंद पडलं तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते. रेघा बघितल्या, आणि पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो पुराचा माल. घाबरून म्हणाले की मी दिव्याला यावं म्हणून म्हणाले, ते त्यांचं त्यांना माहीत. माझा इतका संताप झालाय की त्यांना फोन केला तर काय बोलेन याचा भरवसा नाही, म्हणून केला नाही.

सासूबाई विचारत होत्या, “पूजेनं बिघडलं काय गो?” त्यांचा चेहरा बघून मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही बोलता आलं नाही. मी त्यांच्याबरोबर नाचणी पसरत बसले.

आणि आता कळतंय, तुला सगळं मशीन उघडल्या क्षणी दिसलं होतं. तरी तू अपडेट लिहिलंस, दमट हवा लिहिलंस. का गं? एका ओळीत लिहिलं असतंस तर यातलं काही झालं नसतं. तुझ्या नावाची अशी दशा झाली नसती. मला फक्त एवढं सांग, अब्बांना विचारून सांग, पण सांग.

श्रुतिका

---

महाड
२५ ऑक्टोबर

श्रुतिका,

अब्बांना विचारलं. म्हणाले, तिने का म्हणून विचारलंय तर उत्तर देणं भाग आहे.

तू म्हणतेस एका ओळीत लिहायचं होतं. बस आणि ती ओळ लिहून बघ. ‘तुमच्या घरच्या पूजेमुळे मशीन बिघडलं.’ खाली सही नौशीन युसुफ, महाड. तोच कागद तू नेमाने जपून ठेवणार होतीस, कारण तुला सगळं लेखी हवं होतं. तो मंगेशभावजींच्या हाती लागला असता आणि फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर गेला असता. तिथे कुणी हळदीत पाणी असतं आणि पाण्याने तांबं सडतं, एवढं वाचलं असतं का? कुणी लिहिलंय तेवढंच वाचलं असतं. मग प्रश्न कार्डाचा राहिला नसता. अब्बांनी या पेठेत सगळं आयुष्य काढलंय, ते मी एका ओळीसाठी टांगणीला लावणार नव्हते.

तू समोर येऊन विचारलं असतंस तर हसत हसत सांगितलं असतं, आणि आपण दोघी पाकळी काढत बसलो असतो. कागदावर मला ते जमलं नाही. म्हणून खोटं लिहिलं. खोटं ते खोटंच, आणि माझी आधीचीच ओळ विसरून लिहिलं, म्हणून पकडलं गेलं. तुझ्या सासूबाईंनाही वाईट वाटू नये असं वाटत होतं. त्यांनी ते किती मायेने केलंय ते त्या पंख्यातल्या अक्षता बघून मला कळलं होतं. म्हणून म्हटलं, सहज विचार. तू विचारलंच नाहीस. माझ्याकडून सही घेतलीस आणि घरात एक प्रश्नसुद्धा केला नाहीस. ते मला फार लागलंय, श्रुतिका. क्लासवाले गेले त्याहून जास्त लागलंय.

दोन पंख्यांच्या कार्डाबद्दल मी तेव्हा लिहिलं नाही, पण मंगेशभावजी विचारतील म्हणून सांगून ठेवते. ते माझ्या स्वतःच्या मशीनमधलं आहे. तुझी लग्नं अडली होती आणि नवीन यायला वेळ लागला असता. ओरखडा माझ्या अंगठीचा.

नौशीन

---

उमरठ
२८ ऑक्टोबर

नौशे,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळं. लपवायचा आता कंटाळा आलाय. ऐकून म्हणाल्या, “मंडळाच्या त्या गुरूपवर आवाज टाकता येतो नाय? लाव.” मी लावला. त्यांनी फोन पोळपाटासारखा दोन्ही हातांत धरला आणि बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते.

“मी तुळसा बोलतेय, रामाची तुळसा, वरच्या वाडीची. आमच्या मशिनीला मी पानी लावलं, खंडेनवमीला. झाकान आमच्या मंग्यानं खोललं. महाडच्या युसुफभायच्या लेकीनं आपल्या मशिनीचं कार्ड काडून आमाला दिलं. ती पोर सोन्यावानी हाय. कुनी वंगाळ बोलला असंल त्यानं आपलं बोलनं परत घ्यावं. पूजा मी फुडल्या वर्षी बी करीन, पन कोरड्या फुलानं.”

मंडळाच्या अध्यक्षांनी आधी हात जोडले, मग भावजींनी टाकलेला फोटो काढायला लावला. भावजींचा फोन लगेच आला. मला वाटलं माझ्यावर ओरडतील, पण म्हणाले, फोन आईला दे. “आये, मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवली नायस तू.” तर सासूबाई म्हणाल्या, “मंग त्ये तोंड घेऊन हिकडं ये. रविवारी तुळशीचं लगीन हाय. आनि सून हितंच ऱ्हानार, तुज्या डब्याचं तू बघ.” राहुल बिचारा मागून हसत होता, तेही ऐकू आलं.

म्हणजे मी दिव्याला जात नाही, एवढं ठरलं. पण तुझं कार्ड मी ठेवून घेणार नाही. तू आंधळ्या मशीनसमोर बसून राहावंस आणि मी तुझ्या डोळ्यांनी नवऱ्या सजवाव्यात, हे मला होणार नाही. एक लग्न पुरं करून पाठवलं. दुसरं स्टुडिओला परत दिलं, खरं कारण सांगून. ते म्हणाले, बघू पुढचं. ‘बघू’ म्हणजे काय ते मला कळतं. कळू दे. कार्ड चांगूबरोबर येतंय, कोरड्या फडक्यात बांधून. मशीनमधून काढलं मीच.

मला माफ कर असं लिहायला बसले की ते फारच स्वस्तात मागितल्यासारखं वाटतं. तरी मागते. माझ्या घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारायची हिंमत मला झाली नाही आणि तुझ्याकडून मात्र सह्या घेत बसले. तुझ्याशी मी फार वाईट वागले, नौशे. अब्बांना माझा नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर.

श्रुतिका

---

महाड
३० ऑक्टोबर

श्रुतिका,

सासूबाईंचा आवाज आमच्यापर्यंत पोचला. कुणीतरी अब्बांना पाठवला, त्यांनी दुकानात भर गर्दीत लावला, दोनदा. मग सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि मला म्हणाले, त्या बाईंना काही पाठवायला हवं. तेव्हा नमस्कार त्यांनी घेतलाय असं समज. माझं मन मात्र अजून निवळलेलं नाही. निवळेल, पण घाई करू नकोस.

कार्ड मिळालं. तेच कार्ड घेऊन मी रविवारी तुमच्याकडे येतेय. तुझ्या स्टुडिओला फोन केला होता, तुला न विचारता. त्यांना सांगितलं की मशीन मी बांधलंय आणि त्याची जबाबदारी माझी. दुसरं लग्न त्यांनी अजून कुणाला दिलेलं नाही, सोमवारी तुझा फोन येईपर्यंत थांबतायत. माझं नवं कार्ड शहबाजभाई पाठवतोय, या वेळी बिलासकट, तोवर मी बोर्डावर चालवीन. तुझ्यासारखी मला नवरीची मान वळवायची नसते.

कार्ड मात्र मी बसवणार नाही. तू बसवायचंस, मी शेजारी उभी राहून सांगेन. तुझ्या मशीनच्या आत काय आहे ते आता तुझ्या हाताला माहीत असलं पाहिजे.

सासूबाईंना सांग, तुळशीच्या लग्नाला मी थांबणार आहे आणि जेवूनच निघणार आहे. नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली तर बरं. पानं मांडताना एक लक्षात ठेव. मला मंगेशभावजींच्या शेजारी बसव.

नौशीन